ट्रेडमार्क ऑपोझिशनची सरकारी ऑनलाइन सेवा: फॉर्म सोपा, तारखा कडक

दुसऱ्याचा ट्रेडमार्क रजिस्टर होण्याआधी त्याला विरोध करायचा असो किंवा आपल्या अर्जावर आलेल्या विरोधाला उत्तर द्यायचं असो, ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या ई-फायलिंगवर दोन्ही कामं एकाच फॉर्मने होतात: टीएम-ओ. ऑनलाइन फी प्रत्येक क्लासला (माल किंवा सेवेच्या वर्गाला) 2,700 रुपये, कागदावर दिला तर 3,000. उत्तर देणाऱ्यालाही तेवढीच. मूळ अर्ज करताना एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला 9,000 ऐवजी 4,500 रुपये पडतात, तशी सवलत इथे नाही. तरी पैसे वसूल आहेत, कारण एकदा रजिस्टर झालेलं नाव काढून टाकायला निघालं की खर्च आणि वर्षं दोन्ही वाढतात. फायलिंगला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. कळवण्याच्या बाबतीत मात्र ही सेवा जेमतेम पास होते, आणि अर्ज बुडतात तेही तिथेच.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवायला हवा. अर्जाच्या स्टेटसमध्ये ‘ऑब्जेक्टेड’ दिसलं तर ती रजिस्ट्रीच्या परीक्षकाची हरकत असते, आणि तिला 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ‘ऑपोज्ड’ दिसलं तर बाहेरच्या कुणीतरी विरोध नोंदवलेला असतो. त्याचा रस्ता वेगळा आणि मुदतही वेगळी. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून अर्ज गमावणारे लोक आहेत.

विरोध करणाऱ्याचं घड्याळ जर्नलपासून सुरू होतं. ट्रेडमार्क जर्नल म्हणजे विरोधासाठी खुले झालेले अर्ज छापणारं रजिस्ट्रीचं पत्रक. ते दर सोमवारी निघतं, पीडीएफ फुकट मिळते. प्रसिद्धीच्या तारखेपासून 4 महिने मिळतात. आपल्याला कधी कळलं याला काही अर्थ नाही. पूर्वी 3 महिने आणि अर्ज करून वरचा 1 महिना अशी सोय होती. 2010 च्या दुरुस्तीने सरळ 4 महिने दिले आणि वाढीव मुदत काढून टाकली. आपल्या नावासारखं नाव जर्नलमध्ये आलंय असं पोर्टल आपणहून सांगायला येत नाही, जर्नल आपल्यालाच चाळावं लागतं. सार्वजनिक सर्चमध्ये शब्द, उच्चार आणि चित्राचा व्हिएन्ना कोड (लोगोतल्या आकृतीला दिलेला वर्गीकरणाचा क्रमांक) अशा तीन वाटा आहेत. मराठी नावासाठी एकाच स्पेलिंगवर थांबू नका. ‘रानफूल’ शोधताना दीर्घ ‘आ’साठी एक ए आणि दोन ए, ‘ऊ’साठी यू आणि डबल ओ, ‘फ’साठी एफ आणि पीएच, सगळं टाकून बघा.

नोटीस लिहिताना कायद्याची कलमं ओळीने उतरवून काढली की जोर येतो असा समज आहे. खरा जोर येतो तो तपशिलाने: कुठल्या अर्जाला विरोध, कुठल्या क्लासमध्ये, आपलं आधीचं चिन्ह कोणतं, त्याचा नंबर, त्याची तारीख आणि वापर कधीपासून. नाव सारखं आणि माल सारखा असेल तर ट्रेडमार्क कायद्याचं कलम 11 पुढे करा. नाव मालाचं नुसतं वर्णन करणारं असेल तर कलम 9. शेवटी व्हेरिफिकेशन येतं: कुठले परिच्छेद स्वतःच्या माहितीवर आणि कुठले मिळालेल्या माहितीवर, खाली सही, तारीख, ठिकाण. या चार ओळी विसरल्या तर आधीची वीस पानं लंगडी पडतात.

आता अर्जदाराची बाजू. विरोधाच्या नोटिशीची प्रत मिळाल्यापासून 2 महिन्यांत काउंटर स्टेटमेंट, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, गेलं पाहिजे. नाही गेलं तर अर्ज सोडून दिल्याचं कायदा धरून चालतो. विरोधात दम होता की नाही हे कुणी बघतही नाही. नोटीस येते ईमेलवर, आणि ट्रेडमार्क नियमांतला नियम 18 म्हणतो की ईमेल पाठवला त्या क्षणी तो पोचला. अर्ज एजंटाने भरलेला असेल तर ईमेल बहुतेक वेळा त्याचाच असतो. एजंट बदलला, ऑफिस बंद झालं किंवा मेल स्पॅममध्ये गेला, तरी दिवस मोजले जातातच. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये मुदत प्रत्यक्ष मिळाल्यापासून धरली हे खरं, पण त्यासाठी माणसाला हायकोर्टाची पायरी चढावी लागली. म्हणून जर्नलमध्ये नाव आलं की पुढचे चार महिने, आणि त्यानंतरही काही महिने, दर आठवड्याला अर्ज नंबर टाकून स्टेटस पाहा. विरोधाची प्रत तिथे दिसली तर ईमेलची वाट बघत बसू नका. वेबसाइटवरच्या प्रतीवरून उत्तर दिलेलं नियमांना चालतं, मग वेगळी प्रत पाठवायची गरजही उरत नाही. या सेवेतली ही सर्वात कामाची सोय, आणि तिचा वापर फार कमी होतो.

पुढे पुरावा. काउंटर स्टेटमेंट हाती आल्यापासून 2 महिन्यांत विरोधकाने अ‍ॅफिडेव्हिटवर पुरावा द्यायचा, किंवा ‘नोटिशीतल्याच मजकुरावर भिस्त आहे’ असं लेखी कळवायचं. दोन्ही केलं नाही तर विरोध बाद. मग अर्जदाराला 2 महिने, आणि त्याला जबाब म्हणून विरोधकाला 1 महिना. पोर्टलवर अपलोड झालं म्हणजे समोरच्याला मिळालं असं नाही. प्रत त्याला स्वतः पाठवायची आणि पाठवल्याचा पुरावा जपायचा.

नाव वापरल्याचा पुरावा म्हणून बिलं जोडताना एकेक बिल उघडून वाचा. ‘मिरची मसाला 5 किलो’ एवढंच लिहिलं असेल, तर मसाला विकला हे दिसतं, ब्रँड दिसत नाही. मालाच्या ओळीत नाव हवं, किंवा त्याच काळातलं पाकीट, छपाईचं बिल, जाहिरात शेजारी लावायला हवी. जुनं बिल मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी साक्षांकित भाषांतर लागतं. सर्वात जुनं आणि म्हणून सर्वात मोलाचं बिल नेमकं हाताने लिहिलेलं मराठी असतं, तेव्हा भाषांतराचं काम पहिल्या आठवड्यातच उरका.

सुनावणीची तारीख पुढे ढकलायची तर टीएम-एम फॉर्म, ऑनलाइन 900 रुपये, निदान 3 दिवस आधी. अशा तारखा जास्तीत जास्त दोनदा, प्रत्येक वेळी 30 दिवसांच्या आत. लेखी युक्तिवाद देता येतो, तो द्याच.

समेटाची वाट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. विरोधकाचा राग एखाद्याच वस्तूवर असेल, तर अर्जदाराने मालाच्या यादीतून तेवढी वस्तू कमी केल्यावर विरोधक विरोध मागे घेऊ शकतो. हे बोलणं काउंटर स्टेटमेंट दाखल केल्यावरच सुरू करा, कारण बोलणी चालू आहेत म्हणून ते 2 महिने थांबत नाहीत.