जुनी जुकी, तीन सीझननंतर

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात मोटारीवर चालणारं कुठलंही शिलाई मशीन म्हणजे 'जुकी'. खरं तर जुकी ही एक जपानी कंपनी, पण डोक्यावर नाव कुणाचंही असो. नवी बाई कामाला आली की दारातच विचारते, "जुकीवर बसू का साध्यावर?" त्यामुळे जुकी घेताना मी फसले, त्यात सगळी चूक माझीच होती असं मी मानत नाही.

मार्चचे दिवस, गणवेशाचा सीझन तोंडावर. एका दुकानदाराने 'एकदम ओरिजिनल' म्हणून एक मशीन गळ्यात मारलं. रंग नवाकोरा, स्टिकर चकचकीत. पंधरा दिवसांत ते टाके सोडायला लागलं. हाफ पँटच्या खिशाच्या कोपऱ्यावर ड्रिलच्या जाड कापडाचे चार पदर आले की टक् टक् वाजायचं, उलटून बघावं तर तीन टाके गायब. मिस्त्रीने मशीन आडवं पाडलं, शटल, म्हणजे टाक्यासाठी दोरा पकडणारा खालचा भाग, बघितलं, काही बोलला नाही. नखाने स्टिकर उचकटून माझ्या हातावर ठेवला. खाली भलतंच नाव, तेही घासलेलं.

मग त्यानेच १६,५०० रुपयांत जुनी खरी जुकी, डीडीएल-५५५० मॉडेलची, आणून दिली. टेबल-स्टँड धरून, सतत फिरत राहणारी क्लच मोटर काढून पाय दाबला तरच फिरणारी सर्व्हो मोटर बसवलेली. दिसायला अगदीच गरीब. रंग उडालेला, कापड सरकवून सरकवून कडा गुळगुळीत झालेली. पण मागच्या पट्टीवर 'मेड इन जपान'.

आता तिचं सांगते. पाय नुसता टेकवला तर एकच टाका पडतो, दाबला की सुसाट. शर्टाच्या कॉलरचं टोक वळवताना हा एक टाकाच कामाला येतो. आमची अक्का म्हणते, या मशीनला पायाचं मन कळतं. वरच्या छोट्या काचेत तेल उडताना दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर हातातलं काम ठेवून तेल बघायचं, एवढं एकच पथ्य. सर्व्होमुळे थांबलेली असताना मोटर घरघरत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली बसणाऱ्यालाच त्याची किंमत कळते. चादरीची जाड कड मात्र हिच्यावर मारू नका. ते काम तिचं नाहीच. मी हट्टाने करून दोन सुया मोडल्या.

ही जुकी कंपनी शिलाई मशीनची नव्हतीच मुळात. डिसेंबर १९३८ मध्ये टोकियोतल्या जवळपास ९०० यंत्रकारखानदारांनी पैसे घालून ती उभी केली, सैन्याला रायफली पुरवायला. 'जुकी' म्हणजे अवजड यंत्र. १९४५ ला जपान हरला, बंदुका बंद झाल्या, आणि १९४७ ला यांनी पहिलं घरगुती शिलाई मशीन काढलं. तेव्हा तिथे बऱ्याच कारखान्यांनी हाच धंदा धरला होता. घरगुती मशीनच्या सुट्या भागांची मापं एकच ठरवली गेली, म्हणून याचा भाग त्याला बसायचा. पुढे १९५७ मध्ये निर्यातीच्या मालाच्या तपासणीचा कायदाच आला. आपल्याकडे शटल बदलायचं तर आधी कानस शोधावी लागते, म्हणून मला याचं कौतुक.

आणि १९३८ म्हटलं की सोलापूरकराला दुसरंच काही आठवतं. त्याच वर्षी सप्टेंबरात आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चार डॉक्टरांबरोबर मुंबईहून चीनला निघाले, जपानी सैन्याने जखमी केलेल्यांवर उपचार करायला. १९४२ मध्ये तिकडेच गेले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक माझ्या पार्सलच्या वाटेवर आहे. मशीन घेतल्यानंतर पहिल्यांदा तिथून जाताना जरा चमत्कारिकच वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेजारणीने मागच्या वर्षी जुकीचीच नवी ८७०० मॉडेलची मशीन घेतली. तिच्या पट्टीवर चीनचं नाव! ती घाबरून माझ्याकडे आली, "मलाही फसवलं का गं?" नाही फसवलं. १९८५ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी मिळून डॉलर उतरवायचं ठरवलं. तेव्हा डॉलरला २४० च्या आसपास येन मिळायचे, १९८७ संपताना १२० च्या घरात आले. जपानात बनवून बाहेर विकणं परवडेना, म्हणून तिकडच्या बऱ्याच कंपन्यांनी कारखाने आशियातल्या दुसऱ्या देशांत नेले. जपान आणि चीनने १९७२ लाच संबंध पूर्ववत केले होते, त्यामुळे तोही रस्ता मोकळा होता. तिची मशीन चांगली चालते. माझ्यापेक्षा आवाज कमी, हे मी तिला सांगितलेलं नाही.

तेव्हा पट्टीवर देश कुठला यावर अडून बसू नका. दुकानात गेलात की आधी मशीन आडवं पाडायला सांगा, शटलला बोट लावून बघा, आणि स्वतःच्या घरचं ड्रिल चौपदरी करून शिवून बघा. दुकानदार आढेवेढे घ्यायला लागला तर त्याने मागवलेला चहा प्या आणि परत या.