पिंजरे खाडीत की जिताडा तळ्यात? ना हरकत देण्याआधी

दिवाळे, सारसोळे, करावे, ऐरोली... ठाणे खाडीकाठच्या कुठल्याही कोळीवाड्याच्या मच्छीमार संस्थेपुढे मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांसाठी ना हरकत मागणारा कागद आला, की सभेत दोन तट पडणार. खाडीत मासळी उरलीय कुठे, निदान हे तरी होऊ द्या, असं काही जण म्हणतील. उरलीसुरली खाडीही जाईल, असं बाकीचे म्हणतील. दोन्ही दुखणी खरी आहेत. म्हणून तरंगते पिंजरे आणि काठावरची तळी शेजारी ठेवून पाहू या.

मासा दोन्हीकडे बहुतेक जिताडाच असेल. खारं, मचूळ, गोडं, तिन्ही पाणी त्याला चालतं, त्यामुळे पावसाळ्यात खाडीचा खारेपणा उतरला तरी तो तग धरतो. भावही चांगला. मात्र लहानपणी एकमेकांना खातो, म्हणून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आकाराप्रमाणे सतत वेगळी करावी लागते. ती मेहनत कुठेही चुकत नाही.

फरक पाण्यापासून सुरू होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2007 मध्ये विशाखापट्टणमला पहिला पिंजरा टाकला तो मोकळ्या समुद्रात. सहा मीटर व्यासाच्या पिंजऱ्याला साधारण चार मीटर खोल जाळं, आणि त्याखाली ओहोटीलाही भरपूर पाणी हवं. आपल्या खाडीत ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे पडतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा थेट तळाशी बसते. उधाणात त्यातलं काही वाहून जाईल, पण भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाण्याला ओढ कमी असते. चिखल कुजतो, पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. त्यात शहरांचं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी. काळं पाणी आलं की खाडीतला मोकळा बोईट मासा निदान पळू तरी शकतो. पिंजऱ्यातला जिताडा जागच्या जागी मरतो.

खाद्याचा हिशेबही विचारा. बारीक मासळी घातली तर एक किलो जिताड्यामागे चार-पाच किलो, कधी त्याहून जास्त लागते. ती याच खाडीतून उपसली, तर बोकशी (पिशवीसारखं जाळं) लावणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. तयार गोळी खाद्य घ्यायचं तर खर्च वाढतो.

जाळ्याला शिंपले, कालवं धरतात, ती वेळेवर काढली नाहीत तर जाळं जड होतं आणि प्रवाहाचा ताण वाढतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सायप्रेस बेटाजवळचे पिंजरे 2017 मध्ये असेच कोसळले आणि दोन लाखांहून जास्त परदेशी सॅमन समुद्रात गेले. पुढच्या वर्षी तिथे परक्या जातींची पिंजराशेती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा झाला. अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या फ्रेंचमन उपसागरात पिंजऱ्यांतून वर्षाला सुमारे 30 हजार टन सॅमन काढण्याचा एका कंपनीचा प्रस्ताव होता. लॉबस्टर पकडणारे आणि काठचे रहिवासी एकत्र उभे राहिले. 2022 मध्ये राज्याने अर्ज रद्द केला, त्यातलं एक कारण असं की नियमात बसणारी अंडी कुठून आणणार, हे कंपनीला दाखवता आलं नाही. आपल्याकडेही पहिला प्रश्न हाच करा: बीज कुठल्या केंद्रातून?

आता तळी. अलिबाग-पेणच्या खारेपाटात जिताड्याची तळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) भरतीचं पाणी घ्यायचं आणि खाडीत घाण दिसली की उघाडी बंद. हा ताबा पिंजऱ्यात कधीच मिळत नाही. तळाचा गाळही काढता येतो. अडचण आहे ती जागेची. कांदळवन तोडून तळं खणणं गुन्हा आहे. 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं आहे. त्यामुळे विचार फक्त जुन्या, आधीपासून असलेल्या तळ्यांचाच. भरतीची वाट बुजली की तळं कसं मरतं, ते नेरूळच्या डीपीएस तलावात (शाळेजवळच्या फ्लेमिंगोंच्या पाणथळीत) आपण पाहिलंच आहे.

परवानगीच्या बाबतीत फार फरक नाही. किनारी मत्स्यशेतीच्या 2005 च्या कायद्यात 2023 च्या दुरुस्तीने पिंजरेही आले. मात्र खाडीच्या एका भागाला 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 पासून खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) दर्जा आहे, त्यामुळे पिंजऱ्यांची जागा नकाशावर दाखवल्याशिवाय चर्चाच नको.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक ताब्याचा आहे. पिंजऱ्यांच्या नांगरदोऱ्यांनी होड्यांची वाट अडते, जाळी लावायची जागा जाते आणि माल थेट घाऊक व्यापाऱ्याकडे गेला की बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांच्या पाटीत काही येत नाही. तिसऱ्या वाशी पुलाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने 2021 मध्ये मच्छीमारांच्या पारंपरिक हक्काची दखल घेतली आणि भरपाईचं धोरण ठरवायला सांगितलं. तो हक्क आपणच सही करून सोडला, तर उद्या भरपाई मागायला तोंड उरणार नाही.

म्हणून वाशी पुलाच्या उत्तरेला, जिथे खाडी अरुंद आणि उथळ होत जाते, तिथे पिंजऱ्यांना सरळ नकार द्यावा. जुनं तळं हाताशी असेल तर संस्थेने ते स्वतः चालवावं. दक्षिणेला, दिवाळ्याच्या बाजूच्या खोल पाण्यात कुणाला पिंजरे हवेच असतील, तर आधी पावसाळ्यासह वर्षभर पहाटेच्या पाण्याची तपासणी व्हावी, तीही कंपनीने नेमलेल्या नव्हे, तर संस्थेने निवडलेल्या प्रयोगशाळेकडून. आणि मासे मेले, जाळं फाटलं तर साफसफाई कोणाच्या पैशाने, हे ठरावात आकड्यासकट लिहून घ्यावं.