पणजीतील करिअर समुपदेशन: दारूच्या घरात वाढलेल्यांना कितपत उपयोगी?

नोकरीची दिशा ठरवता न येणाऱ्या प्रौढांसाठी पणजीतील एका खासगी केंद्रात समुपदेशनाची सत्रे घेतली जातात. माझे वडील पीत असत आणि तिशी उलटली तरी वेर्ण्याची औषध कंपनी, हॉटेल आणि सरकारी परीक्षा यांत माझे धरसोडीचे चालले होते, म्हणून मी तेथे गेलो.

प्रथम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी व्यवसायाच्या आवडीनुसार केलेल्या माणसांच्या सहा प्रकारांवर बेतलेली आवड-चाचणी देतात. चाचणीत खोट नाही. फक्त माणसाला आपली आवड ठाऊक असते, असे ती धरून चालते. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की त्या आवाजावरून बाबांची अवस्था ओळखायची आणि टीव्ही चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायचे, अशा घरात दुसऱ्याला काय हवे ते अचूक कळू लागते. आपल्याला काय हवे, हे मात्र कुणी विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. माझ्या बहुतेक खुणा 'सांगता येत नाही' याच रकान्यात पडल्या.

समुपदेशक बाईंनी तो निकाल बाजूला ठेवला, आणि माझ्या मते शुल्काचे पैसे तिथेच वसूल झाले. माहितीअभावी निर्णय अडणे वेगळे आणि निर्णयाचीच धास्ती असणे वेगळे, हे त्यांनी ओळखले. पहिल्याला माहितीपत्रके पुरतात, दुसऱ्याला नाही. "तुमची नोकरीची निवड चुकली तर घरात कोण कोसळेल, असं वाटतं तुम्हाला?" या त्यांच्या प्रश्नाला मी लगेच 'आई' म्हणालो. त्यानंतर मागे फिरता येईल असे लहान निर्णय घेण्याचा सराव त्यांनी करून घेतला, आणि त्यातूनच मी लेखाकर्माचा एक अल्प मुदतीचा अभ्यासक्रम घरी कुणाला न विचारता निवडला. (पिणाऱ्याचे प्रत्येक मूल असे गोंधळलेलेच असते, असा शिक्काही त्यांनी मारला नाही.)

उणिवाही आहेत. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेल्या अल-अ‍ॅनॉनसारख्या स्वमदत गटांचा उल्लेख कोणत्याही सत्रात झाला नाही. छापील अहवाल इंग्रजीत, साचेबंद आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. शनिवारी दुपारनंतर केंद्र बंद असते. फोंडा-डिचोलीहून नोकरी सांभाळून येणाऱ्यांना नेमकी तीच वेळ सोयीची असते.