रिटेल पार्कचं पार्किंग, १०० पौंडांची नोटीस आणि पॉप्लाचा माझा अनुभव

हा रिव्ह्यू दोघांचा आहे. एक म्हणजे इथे यूकेत आमच्या गावाबाहेरच्या रिटेल पार्कचं, म्हणजे मोठ्या दुकानांच्या संकुलाचं, पार्किंग सांभाळणारी खाजगी कंपनी, तिचं नाव लिहीत नाहीये, आणि दुसरी पॉप्ला, म्हणजे कंपनीने आपलं अपील फेटाळलं की पुढे जिथे दाद मागता येते ती सेवा. कंपनीला एक स्टार. पॉप्लाला चार, पाचवा का नाही ते खाली येईलच.

गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांना गरम कपडे घ्यायचे होते म्हणून शनिवारी रिटेल पार्कला गेलो. धो धो पाऊस, दोन मशीनपैकी एक बंद, दुसऱ्यापुढे रांग. २ तासांचं तिकीट काढलं, त्यावर छापलं होतं १:१० पर्यंत. परत गाडीशी आलो तेव्हा वेळ संपायला एक-दोन मिनिटं होती, पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना सावकाश बसवलं, पिशव्या मागे टाकल्या आणि निघालो तर बाहेरच्या राउंडअबाउटपर्यंत गाड्यांची लाइन. नऊ दिवसांनी पत्र आलं. पार्किंग चार्ज नोटीस, १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०. खाली गाडीचे दोन फोटो, आत येताना ११:०३, बाहेर पडताना १:१७, आणि एक ओळ की तुम्ही १४ मिनिटं जास्त थांबलात.

नवरा म्हणाला अगं भरून टाक ६०, कशाला डोक्याला ताप. माझंही मन तेच म्हणत होतं, कारण ते पत्र दिसतंच असं की वाटावं सरकारी आहे आणि आता व्हिसाबिसावर परिणाम होईल. इथे नवीन आलेल्या आपल्या कितीतरी लोकांनी याच भीतीने पैसे भरलेत, मी स्वतः चार घरं सांगू शकते. म्हणून आधी हे नीट समजून घ्या. आपण सगळ्यालाच फाइन म्हणतो, पण कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, असते ती पेनल्टी चार्ज नोटीस, आणि ही असते पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींना पीसीएनच म्हणतात म्हणून घोळ होतो. दुसरीत सरकारने दंड केलेला नसतो, एक खाजगी कंपनी म्हणत असते की बोर्डावर लिहिलेला करार तुम्ही मोडला, तेव्हा पैसे द्या. गाडी कोणाच्या नावावर आहे ते ती डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून, २.५० पौंड देऊन विकत घेते. यात गुन्हा वगैरे काही नाही.

आता ती १४ मिनिटं. कॅमेरा फक्त गेटवर गाडी आली कधी आणि गेली कधी एवढंच टिपतो, गाडी उभी कधी केली ते त्याला माहीतच नसतं. आम्ही ११:०३ ला आत आलो आणि तिकीट निघालं ११:१० ला, म्हणजे पहिली ७ मिनिटं जागा शोधणं आणि रांग. शेवटची ७ मिनिटं गाडीत बसणं आणि लाइनीतून बाहेर पडणं. कंपनीने दोन्ही एकत्र करून १४ केली आणि त्यालाच जास्तीचं पार्किंग म्हटलं. मला खरा राग याचाच आला, कारण त्यांच्याच धंद्याच्या नियमांत या दोन तुकड्यांना वेगवेगळी सूट आहे आणि ती त्यांना नक्की माहीत असते.

नियम असे की खाजगी पार्किंगवाल्यांच्या दोन संघटना आहेत, बीपीए आणि आयपीसी. दोघींनी मिळून एकच कोड, म्हणजे नियमावली, केला, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. त्यात आत आल्यावर बोर्ड वाचायला, थांबायचं की नाही ठरवायला किमान ५ मिनिटं असतात, त्याला कन्सिडरेशन पिरियड म्हणतात. आणि पैसे भरलेली किंवा ठरवून दिलेली वेळ संपल्यावर निघायला १० मिनिटं, हा ग्रेस पिरियड. ही १० मिनिटं म्हणजे अजून एका दुकानात जाऊन यायची परवानगी नाही हां, निघायला लागणारा वेळ आहे, आणि परवानगीच नसलेल्या जागी गाडी लावली असेल तर ग्रेस मिळत नाही. सुरुवातीच्या ५ मिनिटांवरून फार बोंब झाली होती, मशीन चालत नाही, ॲप डाउनलोड होत नाही आणि वर नोटीस, म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये कोड बदलला आणि आता कॅमेऱ्यावर चालणाऱ्या पार्किंगमध्ये बाहेर पडण्याआधी पैसे भरले असतील तर भरायला ५ मिनिटांपेक्षा जास्त लागली एवढ्याच कारणाने चार्ज लावता येत नाही. म्हणजे माझी पहिली ७ पण सुटली आणि शेवटची ७ पण.

हे सगळं मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. कंपनीकडे अपील करायला २८ दिवस असतात, मी १४ च्या आतच केलं, आणि त्यात काय लिहिलं तर सासूबाईंचे गुडघे, पाऊस, आम्ही किती प्रामाणिक आहोत, तिकीट तर काढलंच होतं, अशी दोन पानं. वर लिहून बसले की गाडी मी चालवत होते. हे लिहायची अजिबात गरज नव्हती. नोटीस रजिस्टर्ड कीपरच्या, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्या, नावावर येते, आणि चालक कोण ते सांगायला तुम्ही बांधील नसता. इंग्लंड आणि वेल्समध्ये चालकाचं नाव कळलं नाही तर कीपरकडून पैसे मागायला कंपनीला २०१२ च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टच्या अटी पाळाव्या लागतात, त्यातली मोठी अट म्हणजे गाडीवर नोटीस लावली नसेल तर पत्र १४ दिवसांत घरी पोचायला हवं. पत्र उशिरा आलं असेल तर हा मुद्दा फार मोठा ठरतो आणि मी तो एका वाक्यात घालवला असता. माझं पत्र वेळेत होतं म्हणून फरक पडला नाही. तुम्ही मात्र 'कीपर म्हणून लिहीत आहे' एवढंच लिहा.

कंपनीचं उत्तर आलं, तुमचं म्हणणं विचारात घेतलं, चार्ज योग्य आहे. माझ्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नाही, ग्रेस पिरियड हा शब्दसुद्धा नाही. शेवटी दोन रस्ते: १४ दिवसांत ६० भरा आणि विषय संपवा, नाहीतर हा घ्या पॉप्लाकडे अपील करायचा कोड नंबर, पण तिथे हरलात तर १००. अपील करायची सोय फुकट आहे म्हणतात पण ४० पौंडांची टांगती तलवार डोक्यावर ठेवून, आणि लोक बहुतेक इथेच हात टेकतात. मी दोन रात्री विचार करत होते. मग तिकीट समोर ठेवून मिनिटं मांडली आणि ठरवलं की लढायचं.

पॉप्लामध्ये आपल्याला एक पैसाही लागत नाही, खर्च कंपन्यांच्या पैशातून चालतो. तो कोड नंबर मिळाल्यापासून २८ दिवस असतात. वेबसाइटवर तो नंबर टाकायचा, मुद्दे लिहायचे, फोटो जोडायचे. यावेळी गुडघ्यांबद्दल एक शब्द लिहिला नाही. कॅमेऱ्याच्या दोन वेळा, तिकिटाची वेळ, दोन वजाबाक्या, नियमावलीतल्या दोन तरतुदी आणि तिकिटाचा फोटो, बस. मग कंपनीला पुरावे द्यावे लागतात, बोर्डाचे फोटो, जागेचा नकाशा, जमीनमालकाने अधिकार दिल्याचा कागद वगैरे, आणि ते वाचून आपल्याला उत्तर द्यायला काही दिवस मिळतात, ते चुकवू नका. मी तिथे एवढंच लिहिलं की यांच्या एवढ्या कागदांत मी १:१० नंतर पार्क करून होते असं दाखवणारा एकही कागद नाही. साधारण सहा आठवड्यांनी निकाल आला, अपील मंजूर, कारण ग्रेस पिरियड. हा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नसतो.

पाचवा स्टार नाही कारण तिथे माणुसकीची कारणं बहुतेक चालत नाहीत. नोटीस नियमाने दिली की नाही एवढंच बघतात. रात्रभर हॉस्पिटलमध्ये अडकलेल्या माणसाला हे फार कठोर वाटणार आणि मला ते पटत नाही. अशा वेळी आधी दुकानाच्या मॅनेजरला किंवा जमीनमालकाला मेल करा, मनावर घेतलं तर ते नोटीस रद्द करायला लावू शकतात.

'१०० पौंड हे फार जास्त आहेत' हा मुद्दा लिहून मात्र वेळ घालवू नका. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस खटल्यात ८५ पौंडांचा चार्ज उचलून धरला, चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये तो माणूस २ तासांच्या वर ५६ मिनिटं थांबला होता. तेव्हापासून नुसत्या रकमेवर भांडून सहसा काही होत नाही. आणि पत्र कचऱ्यात टाकायचा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वसुलीवाले मूळ रकमेवर अजून ७० पौंडांपर्यंत चढवतात, मग काउंटी कोर्टाचा दावा येऊ शकतो, त्यालाही उत्तर दिलं नाही आणि निकाल विरोधात गेला तर तो महिन्याभरात न भरल्यास ६ वर्षं रेकॉर्डवर राहतो, आणि घराचं कर्ज घ्यायच्या वेळी आडवा येतो.

अजून एक, पॉप्ला फक्त बीपीएच्या सदस्य कंपन्यांसाठी आहे. आयपीसीवाल्या कंपन्यांचं अपील आयएएस नावाच्या वेगळ्या अपील सेवेकडे जातं, नोटिशीवर कोणाचा लोगो आहे ते आधी बघा. माझ्या मैत्रिणीची नोटीस तशीच आहे, एका जिमच्या पार्किंगमध्ये ८ मिनिटं जास्त, काल आम्ही दोघींनी बसून तिचं अपील लिहिलं. निकाल आला की कळवते.