रोव्हरवाल्या खासगी मोजणीचा अनुभव (सातारा) – ४ स्टार, पाचवा प्रिंटरनं घालवला

आमचं रान कोरेगाव साइडला, दीड एकर, अर्ध्यात आलं आणि अर्ध्यात ऊस. पूर्वेचा बांध भाऊकीत आहे. दरवर्षी नांगरट झाली की तो थोडा थोडा आमच्याकडं सरकतो असं आमचं म्हणणं आणि त्यांच्याकडं सरकतो असं त्यांचं. यंदा आबा (माझे चुलते) म्हणाले सरकारी मोजणीचा अर्ज टाकायच्या आधी एकदा खासगीवाल्याकडनं बघून घेऊ, उगं फी भरायची आणि चूक आपलीच निघायची. सातारला वाढे फाट्याच्या बाजूला एक मोजणीवाले आहेत, त्यांना बोलावलं. नाव टाकू नका म्हणालेत, कामाचा लोड आधीच जास्त आहे, त्यामुळं विचारू नका. ९ हजार घेतले.

सकाळी ८ ला येतो म्हणाले, आले पावणेअकराला. हा पहिला मायनस. पण आल्यावर मशिन (रोव्हर, म्हणजे सॅटेलाइटवरनं जागेचा पॉइंट काढणारं यंत्र) काढायच्या आधी कागद मागितले, तिथंच मला माणूस आवडला. सातबारा नाही, टिपण (जुन्या मोजणीचा कागद) मागितलं! सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, रानाचा आकार नसतो, आकार टिपणात असतो. आबांनी भूमी अभिलेखमधनं नक्कल काढून ठेवली होती म्हणून बरं.

तेवढ्यात भाऊकीतला पोरगा मोबाईल घेऊन आला, म्हणे यात सॅटेलाइटवर गट दिसतोय आणि बांध तुमच्या पायाखाली नाही, आणखी आत आहे. मोजणीवाले चिडले नाहीत, त्यालाच हिशोब करायला लावला. मोकळ्या आभाळाखाली मोबाईल साधारण ३ ते ५ मीटरपर्यंत चुकतो. बांध १०० मीटर लांब. ५ मीटर गुणिले १०० म्हणजे ५०० चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे मोबाईल धरून भांडायचं तर जवळपास ५ गुंठ्याचं भांडण हवेतनंच तयार होतंय. पोरानं मोबाईल खिशात घातला.

आता टिपणाबद्दल, कारण मला वाटलेलं जुना कागद म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी. टिपण हा स्केलवर काढलेला नकाशा नसतोच. हातानं काढलेली आकृती असते आणि खरी माहिती तिच्यावरच्या आकड्यांत असते. मधनं एक सरळ लाइन धरायची, साखळीनं मोजत जायचं, आणि जिथं बांधाला वळण आहे तिथं शंकूनं काटकोन धरून बाजूचं अंतर घ्यायचं. म्हणून तिला शंकू-साखळीची मोजणी म्हणतात. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट म्हणजेच एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. रोज गुंठा गुंठा करतो आपण, पण तो एका साखळीचा चौकोन आहे हे मला या वयात कळलं. इंग्रजांच्या काळात विंगेट आणि गोल्डस्मिड या दोघांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरातनं ही मोजणी बसवली आणि मग ती सगळीकडं पसरली. सातारचं राज्य १८४८ ला खालसा झालं, त्यामुळं आपल्याकडं ती नंतर आली. आबा लगेच म्हणाले, त्याच्या आधी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी काठीनं मोजलंच की. बरोबर आहे, ५ हात ५ मुठींची काठी, २० काठ्यांचा चौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. मोजणीवाल्यांनी मान डोलावली आणि म्हणाले आबा, काठीवाले असते तर तुमचं काम आत्तापर्यंत झालं असतं, मी अजून सॅटेलाइट शोधतोय :)

कारण रोव्हरचं असं आहे की तो एकटा काही कामाचा नाही. त्याला मोबाईल नेटवर्कवरनं करेक्शन लागतं, ते मिळालं की स्क्रीनवर फिक्स येतं आणि मग २ सेंटिमीटरच्या आसपास अचूक पॉइंट मिळतो. आमच्या ओढ्याकडं रेंज नाही आणि कोपऱ्यावर आंब्याचं झाड, तिथं सारखं फ्लोट, म्हणजे अजून पक्कं नाही, असं दाखवत होतं. दुसरा कोणी असता तर फ्लोटवरच पॉइंट घेऊन मोकळा झाला असता. यांनी उघड्यावर दोन पॉइंट पक्के घेतले आणि तिथनं टेप लावून झाडाखालचा कोपरा काढला. ड्रोन लावायचं का विचारलं तर म्हणाले ऊस उभा आहे, वरनं ऊसच दिसंल, पैसे वाचवा. ह्याला मी एक स्टार एक्स्ट्रा दिला असता.

मोजायला सुरुवात बांधावरनं केलीच नाही. आधी शिवेवरचा जुना दगड शोधला, अर्धा तास झुडपात गेला, आणि त्याच्यावरनं टिपणातले आकडे मीटरमध्ये करून रानात उतरवले. मग निकाल. बांधाच्या मधल्या भागात फरक ४० सेंटिमीटर. आबा उसळले. मोजणीवाले म्हणाले आबा, एक आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच, ६३ सेंटिमीटर. तुमच्या टिपणात सगळे आकडे पूर्ण आण्यात आहेत, म्हणजे ज्यानं लिहिलं त्यालाच ह्याच्याखालचं माहीत नव्हतं, माझं मशिन २ सेंटिमीटर सांगतंय पण कागद ६३ चा आहे, ह्याच्यावर कोर्टात जाऊ नका. खाली आंब्यापाशी मात्र १ मीटर ८० सेंटिमीटर आमच्यात आलेलं निघालं, ते आण्यात बसत नाही. भाऊकीवाले उभेच होते, सरकारी मोजणीत बघू म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे, ह्या कागदावर सरकारी शिक्का नाही आणि हे मोजणीवाल्यांनी पैसे घ्यायच्या आधीच सांगितलेलं.

आणि आता स्टार का गेला ते. चार दिवसांनी नकाशा मिळाला, एक पीडीएफ, एक कॅडची फाइल जी आमच्या घरात कुणालाच उघडत नाही, आणि त्यांच्या ऑफिसातल्या पोरानं काढलेली एक प्रिंट. वर लिहिलेलं स्केल १:५००. आबांनी फूटपट्टी लावली. १ सेंटिमीटरला ५ मीटर, म्हणजे १०० मीटरचा बांध २० सेंटिमीटर पाहिजे. आला १४. आबा रात्री साडेनऊला फोनवर, "अरं ७० मीटरच बांध राहिला आपला, ३० मीटर कुणी खाल्ला?" घरात कुणाला झोप नाही.

झालेलं एवढंच की नकाशा ए३ चा, पोरानं ए४ वर फिट टू पेज करून छापलेला. कागद लहान झाला, वरचं १:५०० तसंच राहिलं. सकाळी मोजणीवाले स्वतः म्हणाले चूक आमची, आणि नवीन ए३ प्रिंटवर खाली काळीपांढरी स्केलपट्टी टाकून दिली, ती नकाशाबरोबरच लहानमोठी होते म्हणून झेरॉक्सवाल्यानं काहीही केलं तरी हिशोब चुकत नाही. तुम्ही कुणाकडनंही मोजून घ्या, ती पट्टी आहे का बघा, आणि पैसे त्यानंतर द्या.

आबा अजून फूटपट्टी खिशात घेऊन फिरतात.