टर्बो गेला: किट, कार्ट्रिज की नवा?

ऊसाचा हंगाम तोंडावर आला की मिरज-कुपवाडच्या गॅरेजांत एकच तक्रार ऐकू येते: गाडी ओढत नाही, धूर काढते. मिस्त्री टर्बोकडे बोट दाखवतो आणि तीन भाव सांगतो. किट घालून, म्हणजे आतले छोटे झिजणारे भाग बदलून दुरुस्ती सगळ्यात स्वस्त; कार्ट्रिज, म्हणजे पंख्यांसकट टर्बोचा आतला तयार गाभा, मधलं; नवा टर्बो सगळ्यात महाग. ऊसवाहतुकीच्या माझ्या दोन गाड्यांवर मी हे तिन्ही करून पाहिलं आहे. भाव नंतर विचारा. आधी टर्बो खोलायला लावा आणि नेमकं काय झिजलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

टर्बो म्हणजे छोटा गॅस टर्बाइनच. एका शाफ्टच्या एका टोकाला इंजिनच्या गरम धुरावर फिरणारा पंखा, दुसऱ्या टोकाला इंजिनात हवा दाबणारा अॅल्युमिनियमचा पंखा. फेरे मिनिटाला लाखाच्या घरात. बहुतेक ट्रकांच्या टर्बोत हा शाफ्ट दोन बुशांमध्ये, म्हणजे धातूच्या नळीसारख्या बेअरिंगांमध्ये, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्यामुळे त्याला मारणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन: हवेतून आलेली धूळ, आणि घाण किंवा अपुरं ऑइल. दोन्हींची झीज वेगळी दिसते आणि दोन्हींचा इलाजही वेगळा.

माझ्या पहिल्या गाडीला काळा धूर होता. चढाला दम नाही, डिझेल मात्र जास्त. एका गॅरेजने टर्बो खोलून किट घातलं, म्हणजे बुश, थ्रस्ट (शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं बेअरिंग) आणि सीलच्या रिंगा बदलल्या. गाडीत काडीचाही फरक पडला नाही. दुसऱ्या मिस्त्रीने हवेकडचा पंखा माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा कळलं. पात्यांच्या कडा ब्लेडसारख्या पातळ झाल्या होत्या, कोपरे गोल झाले होते. एअर फिल्टरच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट होती आणि फडातल्या वाटेचा फुफाटा तिथून वर्षभर आत जात होता. पाती झिजली की हवा कमी दाबली जाते, डिझेल तेवढंच पडतं, ते नीट जळत नाही. काळा धूर तिथून येतो. धुराची उष्णताही वाढते, मग गरम बाजूचा पंखाही सोसतो. अशा टर्बोचे बुश बऱ्याचदा चांगलेच असतात, म्हणून इथे किट म्हणजे पैसे पाण्यात. पंख्यासकट कार्ट्रिजच बदलावं लागतं.

ऑइलने मेलेला टर्बो निळा धूर काढतो, पुढे पुढे शिट्टीही वाजवतो. थंड असताना शाफ्टचं टोक बोटांत धरून हलवा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, ती जागा ऑइलची आहे. पण आत-बाहेर ओढताना बोटाला टकटक जाणवली तर थ्रस्ट गेला. इथे किट चालू शकतं, एका अटीवर: शाफ्टवर बुश बसतो त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं तर शाफ्टला ओरखडे आहेत, नवे बुश घालून उपयोग नाही. शाफ्ट निळा-काळा पडला असेल तर त्याला ऑइलच पोचलेलं नाही. आणि किट घातल्यावर बॅलन्सिंग मशीनवर होणार आहे का, हे स्पष्ट विचारा. या वेगात हाताच्या अंदाजाने बॅलन्स होत नाही.

कार्ट्रिज बॅलन्स होऊनच येतं, हा त्याचा मोठा फायदा. पण पंख्यांभोवतीचं बाहेरचं कवच, म्हणजे हाउसिंग, तुमचं जुनंच राहतं, आणि नेमकं हेच बघायचं राहून जातं. पंखा आणि हाउसिंग यांच्यातली फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते. शाफ्ट सैल होऊन पंखा एकदा घासला की हाउसिंगला आतून चरे पडतात, फट वाढते आणि दाबलेली हवा तिथूनच मागे सटकते. माझ्या दुसऱ्या गाडीला घासलेल्या हाउसिंगमध्ये नवं कार्ट्रिज बसवलं. निळा धूर गेला, पण प्रेशर पहिल्यासारखं आलंच नाही. शेवटी नवा टर्बो घेतला, म्हणजे खर्च दोनदा झाला.

पंखा तुटला असेल किंवा गरम बाजूच्या हाउसिंगला आरपार तडा असेल तर सरळ नवा घ्या. तुटलेल्या पंख्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत, अडकतात, ते काढल्याशिवाय गाडी चालू करू देऊ नका. 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत हलत्या पात्यांचा टर्बो असेल आणि ती पाती काजळीने चिकटली असतील, तर नुसत्या कार्ट्रिजने भागत नाही. पात्यांची रिंगही लागते, शिवाय ती पाती हलवणाऱ्या अॅक्च्युएटरचं सेटिंग करावं लागतं.

या तिन्हींच्या आधी अर्ध्या तासाचं एक काम आहे. इंटरकूलरच्या होजवर साबणाचं पाणी टाकून फुगे येतात का बघा. क्लॅम्प ढिला असला तरी काळा धूर येतो. टर्बोतून चेंबरकडे, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याकडे, ऑइल उतरवणारा पाइप दबलाय का आणि इंजिनचा ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, तुंबलाय का, तेही पाहा. ऑइलला खाली जायला वाट नसेल तर ते सीलमधून बाहेर पडतं आणि निरोगी टर्बोही निळा धूर काढतो. तिथे नवा टर्बो बसवला तर तोही तेच करणार.

बसवताना ऑइल आणणाऱ्या पाइपातली काळी खपली काढून घ्या, नाहीतर पाइपच बदला. टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता, पंखा हाताने फिरवा, मगच स्टार्टर मारा. ती खपली येते कशी, तर भरली गाडी चढ चढून आल्या आल्या बंद केल्यामुळे. गरम शाफ्टभोवती अडकलेलं ऑइल तिथेच करपतं. पुण्याहून माल भरून येताना खंबाटकी चढल्यावर चहाला थांबलात तर इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या, चावी मग काढा.