बझांसोंमध्ये राहावे कुठे: फ्रेंच कुटुंबात की विद्यार्थी वसतिगृहात?

फ्रेंच शिकण्यासाठी पूर्व फ्रान्समधल्या बझांसों शहरात जाणाऱ्याच्या हाती प्रवेशाचे पत्र पडले, की दुसऱ्याच दिवशी राहण्याचा प्रश्न उभा राहतो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२२ हे चार महिने मी एका कुटुंबात काढले आणि जानेवारीत, पैसे वाचतील व स्वतःच्या हातचे जेवता येईल या विचाराने, क्रूसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वसतिगृहात गेलो. माझा अनुभव एका शहराचा आणि एकाच घराचा आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

खर्चाचा कौल वसतिगृहालाच जातो. ९ चौरस मीटरच्या खोलीला मला महिन्याकाठी २६० युरोंच्या आसपास भाडे पडे. कुटुंबात नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरून दुपटीहून अधिक मोजावे लागत. दुपारी कुठेही राहिले तरी रेस्तो यूमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीतच, जेवायचे, आणि तेव्हा तेथे पूर्ण जेवण ३.३० युरोंत मिळत असे.

कुटुंबात राहणे म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या नियमांत राहणे, आणि ते नियम मला सुरुवातीला बरेच जड गेले. त्या हिवाळ्यात ऊर्जाटंचाईच्या धास्तीने फ्रेंच सरकारने घरे १९ अंशांहून अधिक तापवू नयेत असा आग्रह धरला होता, आणि आमच्या मादामनी, म्हणजे घरच्या यजमानीणबाईंनी, तो एकादशीच्या निष्ठेने पाळला. पुण्याच्या जानेवारीपलीकडे थंडी न पाहिलेल्या माणसाला १९ अंश म्हणजे घरातही स्वेटर. रात्री जेवायला येणार नसल्यास सकाळीच सांगायचे, आणि साडेसात म्हणजे साडेसात. शाकाहाराची बाब तर पुन्हा पुन्हा बोलून स्पष्ट करावी लागते, कारण कीश या अंडी-क्रीमच्या भाजलेल्या पदार्थात पेरलेले डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पुष्कळांच्या हिशेबी मांसात जमाच नसतात. कडक शाकाहारी असणाऱ्यांनी कोंते चीजविषयीही मनाची तयारी करून जावे. या प्रदेशाचा तो मोठा अभिमान आहे, पण त्यासाठी दूध साकळवताना वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. मी त्याकडे काणाडोळा केला, हे कबूल करतो.

मात्र त्याच टेबलाभोवती रोज तासभर बसावे लागे, आणि माझे खरे शिक्षण तेथे झाले. पाव ताटात न ठेवता ताटाशेजारी टेबलक्लॉथवर ठेवायचा, हात मांडीवर न घेता टेबलावर दिसू द्यायचे, मुख्य पदार्थ संपल्यावर चीज आणि मग गोड, हे सारे दोन आठवड्यांत अंगवळणी पडते. मादाम माझी चूक कधी दाखवत नसत. माझेच वाक्य दुरुस्त करून प्रश्नाच्या रूपात मला परत विचारत, आणि उत्तर देताना ते योग्य रूप माझ्या तोंडून आपोआप निघे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ‘वू’ (आदरार्थी ‘तुम्ही’) सोडून ‘त्यु’ (‘तू’) म्हणायला सांगितले. वडीलधाऱ्यांना ‘वू’ हे पुण्यात घोकून घोकून पक्के केले होते, त्यामुळे मी चाचरलो. पण घरी आईला ‘अगं तू’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात एवढे अवघडण्याचे कारण नव्हते.

वसतिगृहात स्वातंत्र्य भरपूर होते. सामायिक स्वयंपाकघरातली शेगडी दर काही मिनिटांनी आपोआप बंद पडे, त्यामुळे आमटीला एक उकळी आणायला तीनदा बटण दाबावे लागे. तरीही आमटी आपली होती. मला खटकली ती शुक्रवारची दुपार. तीन वाजले की कॉरिडॉरमध्ये चाकांच्या बॅगांचा खडखडाट सुरू होई आणि संध्याकाळपर्यंत मजल्यावरचे बहुतेक फ्रेंच विद्यार्थी धुण्याचे कपडे घेऊन आपापल्या गावी गेलेले असत. रेस्तो यू बंद आणि रविवारी दुपारनंतर आसपासची दुकानेही बंद. मागे उरत आम्ही परदेशी, आणि आमची आपसातली भाषा इंग्रजी, नाहीतर हिंदी. शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत दुकानातल्या ‘बोंझूर’पलीकडे एकही फ्रेंच वाक्य बोललो नाही, असे कितीतरी आठवडे गेले, आणि सोमवारच्या तासाला जीभ जड झालेली मला स्पष्ट जाणवे. कुटुंबात नेमके उलट होते. शनिवारी मादामबरोबर बाजार आणि रविवारी मुले-नातवंडे आल्यावर तीन तास चालणारे जेवण. त्यातली सात वर्षांची नात तर नामांच्या लिंगांचे माझे घोटाळे आजीइतक्या सौजन्याने सोडून देत नसे.

ज्याची भाषा पक्की आहे, ज्याला प्रबंध लिहायचा आहे किंवा ज्याचे बजेट खरोखरच तंग आहे, त्याने वसतिगृह निवडले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. बी१-बी२ या मधल्या पातळीवर एखाद्या सत्रासाठी जाणाऱ्याने मात्र निदान पहिले तीन महिने कुटुंबात काढावेत, असे मला वाटते. मी स्वतः मे महिन्यात मादामना फोन केला आणि शेवटचे सहा आठवडे त्याच १९ अंशांच्या घरी परत गेलो. तोवर उन्हाळा लागलेला असल्याने थंडीचा प्रश्नच उरला नव्हता. फक्त घर ठरण्यापूर्वी एक गोष्ट पत्राने विचारून घ्यावी. पाळीव प्राणी चालतात का, तुम्ही धूम्रपान करता का, हे माझ्या अर्जात होते. शनिवार-रविवारी घरात कोण असते, हे मात्र नव्हते.